आईची मान आणि माझा पाय

आईच्या मानेसाठी आम्ही पाच उपाय केले. सहावा उपाय माझा पाय होता. तो लावायला मी दोन महिने नकार दिला आणि मग लावला. लावला हे चुकलं की उशिरा लावला हे चुकलं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. हे लिहायला बसले तेव्हा माझ्या मनात कुणाबद्दल माया नव्हती. आताही फारशी नाही. पण एखादी गोष्ट क्रमाने लिहून काढल्याशिवाय मला ती कळत नाही.

मी पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या वाळव्याच्या ऊसपट्ट्यात अशा माणसाचा पाय लागला की उसण, चमक, लचक जाते असं मानतात. मी पाऊल टाकायला लागले त्या वर्षापासून सकाळी अंगणात माणसं यायची. कुणाची कंबर धरलेली, कुणाची मान. ती पालथी पडायची, आई मला काखेत धरून उचलायची आणि माझी उजवी टाच दुखऱ्या जागेवर तीनदा टेकवायची. मी तोंड धुतलेलं नसावं आणि कुणी काही बोलू नये, एवढाच नियम. जाताना कुणी मूठभर शेंगा द्यायचं, कुणी गुळाचा खडा. शाळेत पोरं माझ्यापुढे पाठ वाकवून उभी राहायची आणि हसायची. पायाळू माणसावर वीज पडते असंही म्हणतात. त्यामुळे वळवाचे ढग जमले की आई मला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची. त्या खोलीत गावातल्या एका मास्तरांनी सांभाळायला दिलेली पुस्तकांची पेटी होती. मी वाचायला लागले ती तिथे.

पुढे शिकायला साताऱ्याला गेले आणि तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. तो फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आला आणि आता गावी ऊस बघतो. वडील गेल्यापासून आई त्याच्याकडेच होती.

आईने जन्मभर डोक्यावरून वैरण वाहिली. गळिताच्या दिवसांत उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, एरवी कडवळ, घास, जे असेल ते. डोक्याच्या मधोमध, जिथे चुंबळ बसायची, तिथले केस गेले होते. पंचाहत्तरीला आली तरी म्हशीचं सगळं तीच करायची. ती म्हैस आईशिवाय दुसऱ्या कुणाला पान्हा सोडत नसे आणि आईला त्याचा फार गर्व होता. ती भावजयीला ऐकवायची, "माज्या हाताशिवाय हिचं पान हलत न्हाई."

श्रावणात तिची मान धरली. कळ खांद्यातून दंडात आणि तिथून बोटांपर्यंत यायला लागली. गावातल्या डॉक्टरने सुया टोचल्या, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोटात जळजळ सुरू झाली तेव्हा त्याने त्यासाठी वेगळ्या गोळ्या दिल्या. मग भावाने सांगलीहून गळ्याचा पट्टा आणला. आईने तो दोन दिवस घातला आणि तिसऱ्या दिवशी गोठ्यातल्या खुंटीला अडकवला.

"म्हशीला घाल," ती भावाला म्हणाली. "लय मान हालवती ती."

बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. शीर चढलीय. वात हाय. उशी काढा. एरंडाचं पान गरम करून बांधा. माझ्या आत्याच्या जावेला हेच व्हतं, ती आता नाचते. मी दर रविवारी साताऱ्याहून जात होते आणि दर रविवारी ओसरीवर नवा वैद्य बसलेला असे. चहा पिऊन, आईला घाबरवून तो जाई. मला त्या माणसांचा तिटकारा यायला लागला. आपली मान सरळ असली की माणसाला दुसऱ्याच्या मानेबद्दल किती माहिती असते.

तेव्हा मी एक वही केली. डाव्या बाजूला उपाय, पुढे फायदा, धोका, किती दिवस लागतील, कुणी सांगितलं. ग्रंथालयात जसं नोंदत असे तसं. भावाने ती पाहिली आणि म्हणाला, "आक्का, आईची मान हाय, लायब्ररी न्हाई."

"मग तू काय करणार आहेस?"

"करतो मी. तू लिव्ह."

त्याने काय केलं ते मला भावजयीच्या फोनवरून कळलं. मला न सांगता तो आईला गाडीत घालून कवठे महांकाळच्या पलीकडे एका हाडवैद्याकडे घेऊन गेला. म्हातारा तेल लावून मानेला असा हिसका देतो की माणूस चालत घरी जातो, अशी त्याची ख्याती. माझ्या वहीत त्याच्यापुढे मी लिहिलं होतं: फायदा काही नाही, धोका फार. त्या म्हाताऱ्याने मानेला हातही लावला नाही. आईचे दोन्ही पंजे हातात घेतले, माझी बोटं दाब म्हणाला, मूठ मीट, उघड, परत मीट म्हणाला. मग भावाला म्हणाला, "ह्ये माज्या हातातलं न्हाई. हिची मान दुकती त्ये सोडा, हिचा हात चाललाय. मोठ्या डॉक्टरला दावा." त्याने काही घेतलं नाही.

भाऊ घरी येऊन म्हणाला, म्हातारा भ्याला. मी वहीतली ओळ खोडली नाही. तो म्हातारा बरोबर निघाला याचा मलाही राग आला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दिवाळीनंतर मी आईला साताऱ्याला आणलं. माझ्या घराजवळ एक फिजिओथेरपीचा दवाखाना होता. तिथली मुलगी चांगली होती, सावकाश बोलायची. शेक, व्यायाम, मग हनुवटीखाली पट्टा लावून मानेला हलका ताण. आई पट्ट्यात बसून मला म्हणायची, "फाशी द्यायला आनलंस व्हय गं मला साताऱ्याला?" घरी आली की माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघत राहायची. "एवढ्यात मानंचं औशद न्हाई व्हय कुटं?" दिवसभर माणूस येत नाही, गुरं हंबरत नाहीत, चहाला वेलदोडा कशाला, असं तिचं चाले. मीही ऐकून घेत नव्हते. एकदा तिच्या हातून काचेचा पेला निसटून फुटला. मी म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुझं?" ती म्हणाली, "माज्या घरी स्टीलचं हाय सगळं." लक्षाचा प्रश्न नव्हता, हे तेव्हा आम्हा दोघींना माहीत होतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी त्या मुलीने आईला एका रेषेवरून चालायला सांगितलं. आई दोनदा बाजूला गेली. मुलीने गुडघ्यावर हातोडीने टकटक केलं, बोटांना टिचक्या मारून पाहिल्या, आणि ताण देणं बंद केलं. मला बाहेर बोलावून म्हणाली, "मावशींना आधी एमआरआयला न्या. हे माझ्या व्यायामाने भागणारं वाटत नाही." हाडवैद्य जे म्हणाला होता तेच.

सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून आम्हा तिघांना समजावलं. मानेतले मणके झिजून पुढे आलेत आणि आतल्या मज्जारज्जूवर दाब पडतोय. ते म्हणाले, "दुखणं कमी-जास्त होत राहील. कधी थांबेलही. त्यावर जाऊ नका. हातातली ताकद चालली आहे, पुढे पाय जातील. ऑपरेशनने दाब निघेल. गेलेली ताकद परत येईलच असं मी सांगत नाही, पण आहे ती राहील. वय आहे, भूल द्यायची म्हणजे धोका आहेच. तरी मी करा म्हणेन, आणि लवकर करा म्हणेन."

गावी परतताना गाडीत आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "परत येईलच असं न्हाई म्हनला त्यो."

आमच्या खालच्या आळीत एक बाई होती. पाठीच्या ऑपरेशननंतर ती सहा वर्षं अंथरुणात होती. आई तिला दर अमावास्येला पोळी घेऊन जायची आणि येऊन गप्प बसायची. ते मला ठाऊक होतं. मी वहीत नवीन पान केलं आणि ऑपरेशनच्या रकान्यात धोक्यापुढे तिचा उल्लेख केला नाही, कारण तिचा आजार वेगळा होता. माझ्या दृष्टीने तो विषय तिथे संपला.

त्या दिवसांत आईची बोटं म्हशीच्या सडावर टिकेनाशी झाली. भावजय धार काढायला बसली की म्हैस लाथ झाडायची. आई शेजारी उभी राहून म्हशीच्या पाठीवर हात ठेवायची, तेव्हा कुठे ती पान्हा सोडायची. म्हणजे पाठ आईच्या हाताखाली आणि सड भावजयीच्या. आई म्हणायची, "एवढं हात राहू देत. बाकी कायबी होऊ दे." ऑपरेशन व्हायला हवं ते एवढ्यासाठी. तिचे हात. बाकी सगळी भांडणं त्याच्याभोवतीची.

मग मार्गशीर्षातल्या एका रविवारी, अंगणात, भावाच्या देखत, आई मला म्हणाली, "तुजा पाय लाव. मग येते आपरेशनला."

मला वाटलं, थट्टा करते आहे.

"खरंच म्हनते. साऱ्या गावाच्या माना सरळ केल्यास. माजीच तेवढी ऱ्हायली."

"आई, मी चार वर्षांची होते. तूच उचलून टेकवायचीस."

"म्हनून तर. माजं बी हात हायत त्यात."

मी म्हणाले की हे खोटं आहे, ही माणसं आपोआप बरी होत होती. लचक चार दिवसांत जातेच. आणि ते खरं मानलं तरी आईला पाय कसा लावायचा?

"जन्मताना आदी पायच लावला व्हतास की," ती म्हणाली. "तवा इचारलंस न्हाई."

भाऊ हसायला लागला. मला हसू आलं नाही. तो म्हणाला, "लाव की आक्का. काय झिजतोय का तुजा पाय? येती म्हनतीया ती."

"आज पाय लाव म्हणेल, उद्या गंडा बांध म्हणेल."

"एवढं शिकून एक पाय उचलत न्हाई तुजा. फौजेत असतीस तर कोर्ट मार्शल झालं असतं."

मी दोन महिने उचलला नाही. कारणं माझ्याकडे दोन होती आणि ती एकमेकांच्या विरुद्ध होती. पायात गुण असतो हे मी मानत नव्हते, आणि आईला पाय लावणं पाप आहे हे मात्र मानत होते. भावाने हे मला फोनवर एकदा सरळ सांगितलं. मी फोन ठेवला. खरं कारण तिसरंच होतं. ज्या अंगणातून मी मोठ्या कष्टाने बाहेर पडले, त्याच अंगणात मला परत उचलून धरायचं आईने ठरवलंय असं मला वाटत होतं. दोन महिने ती हटली नाही आणि मीही नाही. तिच्या हातची भाकरी आधी जाड झाली, मग वाकडी, मग भावजय करायला लागली.

माघाच्या शेवटी मी हरले. पण अट घातली. आधी दवाखान्याची तारीख घ्यायची, भावासमोर शब्द द्यायचा, मग पाय. भावाने फोन करून बारा दिवसांनंतरची तारीख घेतली. आई म्हणाली, "दिला शबूद."

सकाळी तोंड न धुता मी ओसरीवर गेले. आई सतरंजीवर पालथी पडली होती. तिने पदर बाजूला केला. मी तिची मान अशी कधी पाहिली नव्हती. मागे एक उंचवटा आला होता, बैलाच्या वशिंडासारखा, आणि त्याच्या वर मान एवढीशी. मी भिंतीला धरून उजवा पाय उचलला. माझ्या टाचेला भेगा आहेत, त्या तिला टोचतील असं वाटलं. तीनदा टेकवली. टाचेखाली मणक्यांच्या गाठी लागल्या. भाऊ हात जोडून उभा होता. त्याचा मला त्या क्षणी विलक्षण राग आला. आई उठून बसली, आणि मी नमस्काराला वाकले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हिशेब फिटला."

दुपारी जेवताना तिने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. "दुकत न्हाई," म्हणाली. मी साताऱ्याला पोचेपर्यंत गावभर झालं होतं.

बाराव्या दिवशी मी फाईल, थर्मास, तिची औषधं आणि माझे चार दिवसांचे कपडे घेऊन गावी गेले. आई खाटेवर बसून शेंगा फोडत होती. म्हणजे शेंग बोटांत धरायची, ती निसटायची, मग ती दातांनी फोडायची.

"आवरलं का?" मी विचारलं.

"कशाला? आता दुकत न्हाई."

"शब्द दिला होतास."

"दुकत असतं तर आले असते की."

मी भावाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी तो बोलेल. तो म्हणाला, "आक्का, बारा दिस झालं, एकदा बी कन्हली न्हाई. दुकत न्हाई त्ये कशाला कापायचं?"

मी म्हणाले, डॉक्टर काय म्हणाले ते आठव, दुखण्यावर जाऊ नका म्हणाले. तो म्हणाला, डॉक्टर काय म्हननार. ओसरीवर शेजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "आवं बाई, तुमच्याच पायाचा गुन आलाय, तुमालाच नगो व्हय?"

तेव्हा मी जे केलं ते लिहायचं टाळणार होते. मी आत गेले, खुंटीवरचं आईचं झंपर आणलं आणि सगळ्यांदेखत तिच्या मांडीवर टाकलं. "ह्याचं वरचं बटण लावून दाखव. लावलंस की मी परत जाते."

आईने झंपर हातात घेतलं. बटण चिमटीत धरलं, ते सुटलं. परत धरलं. काज सापडेना. तिने मान खाली घातली होती. चौथ्या वेळी तिने झंपराची घडी घातली, वेडीवाकडी, आणि शेजारी ठेवली.

"तू कवाबी अशीच," ती म्हणाली. "वीज पडायची भीती तुज्यावर न्हवती. तुज्यापासनं व्हती."

मी फाईल तिथेच ठेवून निघाले. सात आठवडे मी गावी गेले नाही. फोन केला तो भावजयीला, दोन-दोन मिनिटं. "कशी आहे?" "बरी हाय." एवढंच.

चैत्रात एका पहाटे गोठ्याच्या उंबऱ्यात आईचा पाय अडखळला. तोल गेला तेव्हा धरायला हात पुढे आले, पण त्यांनी काही पकडलं नाही. खुब्याचं हाड मोडलं. सांगलीला नेलं. छातीत कफ झाला. अकरा दिवस. मी तिथेच होते. ती माझ्याशी बोलली, पण मानेबद्दल, पायाबद्दल, बटणाबद्दल एक शब्द नाही. विचारलं ते म्हशीचं. चमच्याने पाणी मी पाजत होते. एकदा म्हणाली, "तुज्या हाताला लय घाई हाय." ते शेवटचं, जे मला नीट कळलं.

सुतकाच्या दिवसांत माणसं आली ती पुन्हा तीच. ओसरीवर तोच चहा. "शेवटी तुमच्या पायानं आराम पडला म्हनं. भाग्यवान म्हातारी." दहाव्याला नदीवरून आल्यावर भावकीतला एक पेन्शनर माझ्यासमोर उभा राहिला, मान वाकडी करून. "आमच्याबी मानंला लावा की वं एकदा. ट्रॅक्टरनं पार काम केलंया." मी त्याला म्हणाले की पाय लावते, पण मानेला नाही लावणार, तोंडाला लावीन. भाऊ मला ओढत आत घेऊन गेला. तो माणूस अजून सगळीकडे सांगतो की बाई शिकलेली आहे पण डोकं फिरलंय.

तेराव्यानंतर भावजय आणि मी आईच्या लुगड्यांच्या घड्या घालत बसलो होतो, कुणाला कुठलं द्यायचं ते ठरवत. माझ्या लक्षात आलं की रोजच्या तिन्ही लुगड्यांच्या पदराचा कोपरा चघळलेला आहे. सूत सुटलेलं, एके ठिकाणी भोक पडलेलं.

"हे काय? उंदीर आहेत का घरात?"

भावजय घडी घालत राहिली. मग म्हणाली, "न्हाई वन्सं. त्या चावायच्या. कळ आली की."

"कधीचं आहे हे?"

"कवाचं म्हंजी? रोजचंच. थांबलंच कुटं व्हतं?"

मी विचारलं, पाय लावल्यावर? ती म्हणाली, पाय लावला त्या दिवशीही. रोज पहाटे ती उठून आईची मान चोळत होती, भाऊ उठायच्या आत. आईने तिला तिच्या मुलांची शपथ घातली होती. दुखत नाही म्हटलं की ऑपरेशन टळतं, एवढं साधं होतं ते. खालच्या आळीच्या बाईसारखं अंथरुणात कुजायचं नाही, असं आई तिला म्हणाली होती. आणि हेही म्हणाली होती की आमची लेक शब्दाला पक्की आहे, तिला दुसरं काही पटणार नाही, पण पाय लावून घेतला की तिचं तोंड बंद होईल.

"आणि तू गप्प बसलीस," मी म्हणाले. "मला फोनवर बरी हाय म्हणत राहिलीस. एक शब्द बोलली असतीस तर मी तिला उचलून नेलं असतं. तिचे हात राहिले असते. ती पडली नसती."

भावजय आजवर मला कधी उलटून बोलली नव्हती. तिने हातातलं लुगडं खाली ठेवलं.

"तुमी एकदा पाय लावला, वन्सं. माजा हात रोज लागत व्हता. न्हाऊ घातलं, झंपराची बटणं लावली, मान चोळली. तुमच्या वहीत मी कुटं व्हते? इचारलंत का कवा, की तुला काय वाटतं?" मग हळू आवाजात, "ह्यास्नी सांगू नगा. त्यांस्नी तेवढंच बरं वाटतंय."

मी मान हलवली. होय म्हणाले नाही, पण हलवली.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला मोटरसायकलवरून इस्लामपूरच्या स्टँडवर सोडायला आला. भावजयीने पिशवी भरून दिली होती, ती हँडलला अडकवलेली. गाडी लागायची होती. त्याने फलाटाची पाटी वाचून घेतली. मग म्हणाला, "आक्का, एक सांगतो, राग मानू नगंस. तू पाय लावला नसतास तर ती आपरेशनला गेली असती. तुज्या पायानंच घात केला. पन जाऊ दे. शेवटचं दोन म्हैनं सुकात गेली ती. तेवढं बरं झालं."

त्याचे डोळे भरले होते. त्याच्याजवळ तेवढं एकच होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. कुठली गोष्ट कुणाला सांगायची आणि कुठली नाही, याची तुलना करायला मला वही लागली नसती. तरी मी बोलले.

"एक दिवसही थांबलं नव्हतं तिचं दुखणं. पदर चावून काढायची. रोज पहाटे तुझी बायको मान चोळत होती. तू झोपलेला असायचास."

"कोन म्हनलं?"

"तीच."

शेजारच्या फलाटावर कंडक्टर विट्याच्या गाडीसाठी ओरडत होता. भावाने टॉवेलने तोंड पुसलं.

"म्हंजी तुजा पाय खोटाच."

"खोटाच. मी दोन महिने तेच सांगत होते."

त्याने हँडलची पिशवी काढली आणि फलाटावर माझ्या पायापाशी ठेवली. एरवी तो गाडी लागली की खिडकीतून टॉवेल टाकून माझ्यासाठी जागा धरतो आणि गाडी हलेपर्यंत खाली उभा राहतो. त्या दिवशी त्याने टॉवेल खांद्यावर टाकला, मोटरसायकल वळवली आणि गेला. मी कऱ्हाडपर्यंत उभ्याने आले.

चौथ्या दिवशी भावजयीचा फोन आला.

"सांगितलंत," ती म्हणाली.

"हो."

"बरं." तिने फोन ठेवला. त्यानंतर आला नाही, आणि मीही केला नाही.